पोस्टाच्या माडीवर वायनोची फाईल

वायनो केस्टिला आमच्या समोर राहतो. मधे फक्त रस्ता. हिवाळ्यात आमच्या कडेला बर्फाचा ढीग माणसाच्या खांद्याएवढा होतो आणि त्याच्या कडेला गुडघ्याएवढा. काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, बर्फ लोटायचा ट्रक निवृत्त होईपर्यंत तोच चालवायचा, आणि आता तो चालवणारी पोरं त्याच्याच हाताखाली तयार झाली आहेत. त्याचं दार आलं की ती ट्रकचं पातं जरासं आमच्याकडे वळवतात. मी हे गावभर सांगते. वायनोला विचारलं तर तो म्हणतो, "वाराच तसा असतो."

बस, एवढंच. उत्तर मिशिगनमधल्या आमच्या ऑटर बे गावातले फिनिश लोक मुळातच कमी बोलणारे, पण वायनोच्या शेजारी उभे केले तर ते लिलाव पुकारणारे वाटतील. माझं नेमकं उलट. मी तिबोंची लेक, फ्रेंच रक्ताची, आणि आमच्या गॅरेजात केस कापायचं दुकान चालवते. ओल्या डोक्याचं माणूस खुर्चीत बसलं की न विचारता सगळं सांगतं, आणि विचारलं तर शेजाऱ्याचंही सांगतं. वायनोचे केस मी इतकी वर्षं कापते आहे, पण त्याच्याकडून कळलेली सगळी माहिती कंगव्याच्या दोन दातांत मावेल. तो माझ्याहून पुष्कळ मोठा आहे; तरी मी त्याला अरेतुरेच करते. शनिवारच्या साउनानंतर, त्या वाफेच्या अंघोळीनंतर, ओल्या केसांनी एकाच टेबलाशी कॉफी प्यायलेल्या माणसांत अहोजाहो टिकत नाही.

त्याच्याबद्दलची एकच चटकदार गोष्ट गावाला ठाऊक होती. विशीत असताना सरकारी जंगलातली ख्रिसमसची झाडं ट्रकभर तोडून नेताना तो पकडला गेला होता. तेव्हा मी इतकी लहान होते की मला त्यातलं काही आठवत नाही. पण मला कळू लागल्यापासून आमच्या घरात एक वार्षिक विनोद चालत आला होता. डिसेंबर लागला की माझे वडील, लिओ तिबो, दुकानातून एक झाड विकत आणायचे आणि आमच्या घरात न घेता रस्ता ओलांडून वायनोच्या ओसरीवर नेऊन उभं करायचे. खाणीत पायावरून रुळावरचा खनिजाचा डबा गेल्यापासून ते डावा पाय बाहेर फेकून ओढत चालायचे. त्या पायानं बर्फातून झाड नेणं हा एक कार्यक्रमच असायचा. फांदीला लाल फितीनं दुकानाची पावती बांधलेली असायची. वायनो दार उघडायचा आणि म्हणायचा, "पावती पाहू." ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी वाचायचा, घडी घालून खिशात ठेवायचा आणि दार लावून घ्यायचा. गल्ली खिडक्यांतून हसायची. वायनोचा वर्षातला हा एकमेव विनोद. वडील गेल्यावर झाड न्यायचं काम माझ्याकडे आलं. खिडक्यांत प्रेक्षक वेळेवर हजर राहतील एवढी तजवीज मी जास्तीची करते.

आता गेल्या वर्षीच्या सप्टेंबरची गोष्ट.

वसंतात वायनोच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याची रायफल बापाच्या वेळची, झाडली की खेचरासारखी लाथ मारणारी. खांद्याला ती झेपेना, म्हणून हरणाच्या मोसमासाठी एक हलकी रायफल घ्यावी असं त्यानं ठरवलं. त्याच्या घरातल्या सगळ्या बंदुका बापाच्या नाहीतर मामाच्या. दुकानातून बंदूक विकत घ्यायची त्याची ही पहिलीच वेळ. तो एल्डन नायक्विस्टच्या दुकानात गेला. एल्डननं नाव, जन्मतारीख वगैरे लिहून घेतलं आणि नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकाची जुनी नोंद तपासणाऱ्या सरकारी नंबरवर फोन लावला. तिकडून उत्तर आलं, या माणसाला बंदूक विकायची नाही.

हे मला एल्डनच्या बायकोनं सांगितलं, डोक्याला रंग लावून बसली असताना. एल्डनला वाटलं नाव चुकलं असेल, म्हणून त्यानं एकेक अक्षर पुन्हा सांगितलं. उत्तर तेच. वायनो म्हणे काउंटरवरची रायफल दोन्ही हातांनी उचलून परत मांडणीवर ठेवायला निघाला, आणि अर्ध्यात थांबून म्हणाला, "एल्डन, तूच ठेव. मी हात लावू की नको, ठाऊक नाही."

थोड्या दिवसांनी, एका रविवारी दुपारी तो आमच्या दारात आला. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक.

"गिल, कपाटात जागा आहे?" त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं.

"कशाला?"

"बंदुकांना."

"का, तुझ्या घराला काय झालं?"

"घराला काही नाही. मला झालंय."

मी हातातला टॉवेल टाकून पुढे आले. "काय झालंय? डॉक्टर काय म्हणाला?"

"डॉक्टर नाही. एल्डन."

मग कॉफीचे दोन कप आणि गिलच्या बऱ्याच हुंकारांनंतर त्याच्याकडून जे बाहेर पडलं ते असं. झाडांच्या त्या जुन्या प्रकरणात त्याच्यावर सरकारी मालाच्या चोरीचा आरोप होता, गंभीर गुन्हा म्हणून. नकाराचं कारण सांगणारं पत्र त्याला आलं होतं: वॉशिंग्टनच्या दप्तरात तो आरोप अजून नोंदलेला आहे. पण त्याचं पुढे काय झालं ती जागा कोरी. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक घ्यायलाच नव्हे, घरात ठेवायलाही बंदी असते.

"मग तू दोषी ठरला होतास की नव्हतास?" मी विचारलं.

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे?"

"वकील म्हणाला, वायनो, घरी जा, मिटलं. मी घरी आलो."

"आणि काय मिटलं ते विचारलं नाहीस?"

"तो म्हणाला ना, मिटलं."

गिलनं माझ्याकडे पाहिलं, मी गिलकडे. माणूस पोटाचं ऑपरेशन करून घेतो आणि काय कापलं ते अर्धशतक विचारत नाही, त्यातला हा प्रकार. वकील केव्हाच वारला. त्याच्या कचेरीच्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे.

"म्हणजे वायनो," गिल सावकाश म्हणाला, "तू दोषी असलास, तर दरवर्षी पंधरा नोव्हेंबरला तू आमच्या शेजारी बसून..."

"म्हणूनच आणल्यात," वायनो म्हणाला आणि घोंगडी त्याच्या हातात दिली.

पंधरा नोव्हेंबरला हरणाचा मोसम उघडतो. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद असतात आणि लोक मरायचंही टाळतात. वायनोच्या बापानं जंगलात बांधलेल्या खोपटात गिल-वायनोची शिकारीची टोळी आदल्या संध्याकाळी जमते, आणि त्या टोळीत वायनो नाही असं कुणाला आठवत नाही. पण मला जास्त खटकलं ते पुढच्या रविवारी. चर्चमध्ये दानाचं तबक फिरवायचं काम वायनोचं. त्या दिवशी त्यानं तबक गिलच्या हातात दिलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. पाद्रीबाईंनी नंतर विचारलं, तर म्हणाला, "कागद आला की."

कागद कुठून आणायचा, हे कुणाला विचारायची गरजच नव्हती. कोर्टातून. आणि आमच्याकडे कोर्ट म्हणजे घुमटाचं कोर्ट, टेकडीवरचं, काउंटीचं. लग्नाचा परवाना तिथे, जमिनीचं खातं तिथे, दारू पिऊन गाडी चालवली तरी तिथेच. मी त्याच्याबरोबर गेले. त्यानं बोलावलं नव्हतं, पण माझ्या गाडीत हीटर चालतो. खिडकीतली बाई माझी गिऱ्हाईक. तिनं आतबाहेर दोनदा शोधलं आणि हसत परत आली.

"वायनो, तुझ्या नावावर काही नाही. दंडाचं साधं चलनसुद्धा नाही. मला तर संशय यायला लागलाय की तू जगतोस तरी का."

तिनं तसं शिक्का मारून लिहून दिलं. वायनोनं ते शर्टाच्या खिशात ठेवलं, वर बटण लावलं, आणि परतीच्या वाटेवर आपण होऊन बोलला. "पानं यंदा लवकर गळली," असं. त्याच्या मानानं हे गाणं म्हटल्यासारखं होतं.

एल्डननं तो कागद वाचला आणि मान हलवली. "हे काउंटीचं आहे, वायनो. तुला आलेल्या पत्रात फेडरल लिहिलंय. वॉशिंग्टन सरकारचं कोर्ट वेगळं. घुमटवाल्यांना त्यांचं काही ठाऊक नसतं."

गाडीत मी त्याला म्हटलं, "नीट आठव. तुला उभं कुठे केलं होतं?"

"पोस्टाच्या माडीवर."

मी गाडी कडेला घेतली. "पोस्टाच्या माडीवर? मग आपण टेकडीवर काय करत होतो?"

"त्या वर्षी घुमट गळत होता," वायनो म्हणाला. "मला वाटलं, गळती थांबेपर्यंत न्यायाधीशाला पोस्टात बसवलंय."

आठवडाभर हाच किस्सा माझ्या दुकानात चालला. पण खरं सांगायचं तर हसता हसता जवळजवळ प्रत्येक खुर्चीतून प्रश्न यायचा, "अगं, पोस्टावर खरंच कोर्ट आहे?" ज्या इमारतीत आम्ही तिकिटं घेतो, पार्सलांच्या रांगेत भांडतो, तिच्या जिन्यावर फेडरल कोर्टाची पितळी पाटी आहे. शाळेत असताना मी तिच्याशेजारी उभी राहून आइसक्रीम खाल्लेलं आहे. पाटी कधी वाचली नव्हती.

माडीवर गालिचा हिरवा, आणि आवाज कमी. खिडकीत देस्मंड आख्टरबर्ग नावाचा कारकून, खालच्या मिशिगनमधून आलेला डच, गोरापान आणि अतिशय सभ्य. त्यानं आधी कॉम्प्युटर पाहिला.

"मिस्टर केस्टिला, यात इतकं जुनं नाही. हल्लीचं असतं तर घरी बसूनसुद्धा काढता आलं असतं. केसचा नंबर ठाऊक आहे?"

"नाही."

"साल?"

"फोर्ड ट्रकचं क्लच गेलं त्या साली."

देस्मंडनं माझ्याकडे पाहिलं. मी मनात हिशोब करून साल सांगितलं. ते क्लच गल्लीत प्रसिद्ध होतं. तो आत गेला, लाकडी खण ओढल्याचे आवाज आले, आणि एक पिवळं कार्ड घेऊन परत आला. त्यावर वायनोचं नाव, केसचा नंबर, आरोप. शेवटच्या ओळीत टाइप केलेलं: केस बंद, आदेश पाहावा.

"आदेश कुठे?" मी विचारलं.

"फाईलमध्ये."

"आणि फाईल?"

"शिकागोकडे. जुन्या फायली खोक्यांत भरून सरकारच्या गोदामात जातात. आमच्याकडे फक्त कुठल्या खेपेत, कितव्या खोक्यात आणि कुठल्या फडताळावर एवढी नोंद राहते. ती शोधून मी मागणी लिहीन, म्हणजे ते फाईल इकडे पाठवतील. मग मी आदेशाची शिक्क्याची नक्कल देईन. तुम्हाला वरती वॉशिंग्टनला तीच पाठवावी लागेल." मग तो जरा थांबला. "पण आधीच सांगून ठेवतो. काही फायली मुदत संपली की नष्ट करतात. खटला उभा राहिला असेल तर सहसा ठेवतात. तुमचा उभा राहिला होता का?"

"नाही," वायनो म्हणाला. "त्यांनी विचारलं, तू तोडलीस का. मी म्हणालो, हो."

"मग खात्रीनं सांगता येत नाही."

"फाईल नसली तर?"

"तर आदेश काय होता ते सांगणारं कुणी उरलं नाही," देस्मंड म्हणाला. त्यालाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं.

वायनोनं टोपी फिरवली. "मोसमाच्या आत कळेल?"

"कोणता मोसम?" देस्मंडनं विचारलं.

मी खिडकीबाहेर बघू लागले. खालच्या मिशिगनचं माणूस, त्याला दोष तरी किती द्यायचा.

ऑक्टोबर गेला. बर्फ पडला. वायनो रोज पोस्टात आपली पत्रपेटी उघडायला जायचा आणि येताना जिन्याकडे एकदा बघायचा, वर जायचा नाही. मी विचारायचे, "काही कळलं?" तो म्हणायचा, "कळलं की कळेल." गिलच्या कपाटातली घोंगडी तशीच होती. मी झाडू मारायला गेले की ती पायात यायची.

चौदा नोव्हेंबरला दुपारी टोळी निघाली, तेव्हा वायनो बंदुकीऐवजी एक मोठं पातेलं घेऊन गाडीत बसला. खोपटात त्यानं सगळे दिवस स्वयंपाक केला. पास्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, भाजल्या, चूल पेटती ठेवली, भांडी घासली. टोळीतली माणसं तिथे दया दाखवायला जात नाहीत. त्यांनी पहिल्याच रात्री त्याला एप्रन दिला आणि "वायनोबाई, मीठ" असं सुरू केलं. तो मीठ द्यायचा. दुसऱ्या दिवशी सगळे जंगलात असताना तो राख टाकायला बाहेर आला, आणि संडासाच्या खोलीमागून हरणाचा एक नर पुढे आला, झुडपासारखी शिंगं असलेला. असा नर त्या टोळीनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गिल तेवढ्यात हातमोजे विसरला म्हणून परत येत होता, त्यानं हे लांबून बघितलं. वायनो झारा हातात धरून उभा, नर त्याच्या समोर उभा. बराच वेळ दोघंही हलले नाहीत. मग वायनो त्याला म्हणाला, "जा आता. भांडी पडलीत."

गिल हे सांगताना हसत होता, पण मधेच थांबला. "घरी यायला निघालो तेव्हा त्यानं खोपटाची किल्ली माझ्याकडे दिली," तो म्हणाला. "म्हणाला, फाईल नसलीच तर पुढच्या वर्षी कुणीतरी उघडायला हवं."

त्यानंतर चार दिवस मी वायनोची टिंगल केली नाही. माझ्या बाबतीत ही आजारपणाची खूण समजतात.

नोव्हेंबरअखेरचा टर्कीचा सण, थँक्सगिव्हिंग, झाला आणि देस्मंडचा फोन आला, खोकं सापडलं, फाईल आली आहे. वायनो एकटाच गेला, कारण नेमकी तेव्हा माझ्या खुर्चीत एक बाई कर्लर लावून बसली होती आणि तिला तशी सोडून जाता येईना. खिडकीतून मी त्याला जाताना पाहिलं, येताना पाहिलं. चालण्यावरून काही कळलं नाही. कधी कळलंय?

तो आमच्या दारात आला. "कॉफी आहे?"

कॉफी दिली. त्यानं सगळी प्यायली, बशीत सांडलेलीसुद्धा. मग कप बाजूला सरकवला.

"गिल, बंदुका."

गिल उठला आणि जाताना मागून त्याच्या चांगल्या खांद्यावर थाप मारून गेला. पुरुषांचं एवढ्यात भागतं. माझं कसं भागणार?

"म्हणजे दोषी नव्हतास?"

"बंदुका नेतोय ना."

"ते दिसतंय. कागदात काय लिहिलंय?"

"बरंच लिहिलंय."

"वायनो, सप्टेंबरपासून मी तुझ्याबरोबर जिने चढले, गाडी गरम केली, तुझं क्लच आठवलं..."

तो उठला आणि घोंगडी काखेत घेतली. "लॉर्ना, ते कोर्टाचं रेकॉर्ड आहे. सार्वजनिक. कुणीही जाऊन मागावं." दारातून तो पुन्हा वळला. "फाईल परत गोदामात जायच्या आत गेलीस तर बरं."

मी एक दिवस धीर धरला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दाराला "जेवायला गेले आहे" अशी पाटी लावली आणि पोस्टाचा जिना चढले.

"मी पक्षकार नाही," मी देस्मंडला म्हटलं. "नातेवाईकही नाही. शेजारी आहे."

"चालतं."

"कशासाठी हवी ते सांगावं लागेल?"

"नाही. कारण विचारत नाहीत."

"फार चांगली पद्धत आहे," मी म्हटलं.

फाईल बोटाच्या पेराएवढीही जाड नव्हती. त्यानं मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. समोर टेकडीवर घुमट दिसत होता.

सगळ्यात वर आदेश होता, म्हणून तो आधी वाचला. गंभीर गुन्ह्याचा आरोप सरकारनं मागे घेतला होता. कारण लिहिलं होतं: खाण कंपनीचं जंगल आणि सरकारी जंगल यांची हद्द खोडांवरच्या रंगाच्या पट्ट्यांनी दाखवलेली, आणि त्या दिवशी पट्टे बर्फाखाली बुजलेले. खाणीतले लोक दरवर्षी कंपनीच्या बाजूची झाडं तोडून विकायचे आणि कंपनी डोळेझाक करायची, हे सगळ्यांना माहीत. आरोपी हद्द ओलांडून गेला. किरकोळ गुन्हा, किरकोळ दंड, आणि येत्या उन्हाळ्यात दर शनिवारी त्याच जंगलात रोपं लावायची. म्हणजे दंड आणि रोपं वायनोला ठाऊक होती; ती कुठल्या गुन्ह्यासाठी, एवढंच त्यानं विचारलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यातले शनिवार आमच्या आईच्या आठवणीत पक्के होते. दर शनिवारी वायनो गायब, म्हणजे शेजारच्या गावात त्याची कुणीतरी आहे, असं तिचं ठाम मत होतं, आणि तिनं ते मरेपर्यंत सोडलं नाही. मी ते पुढे चालवलं होतं. मी मनातल्या मनात हसले आणि पान उलटलं.

खाली जंगलरक्षकाचा जबाब होता. झाडं कापली तिथे बर्फात दोन माणसांची पावलं होती. एक सरळ चालणारं. दुसरं डावा पाय बाहेर वळवून ओढणारं. दुसरी पावलं रस्त्यापर्यंत जाऊन थांबली होती. ट्रकमध्ये फक्त आरोपी सापडला.

त्याखाली वायनोची प्रश्नोत्तरं. मी इथे ती जशीच्या तशी देते, कारण ते त्याचं आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण आहे.

तुझ्याबरोबर कोण होतं? कुणी नाही.

मग दोन माणसांची पावलं कशी? एकदा गेलो, एकदा आलो.

एक पाय ओढत का? येताना दमलो होतो.

ते पान मी पुन्हा वाचलं. त्या वर्षी माझ्या वडिलांचा पाय नुकता जायबंदी झाला होता आणि खाणीनं त्यांना दिव्यांच्या खोलीत हलकं काम दिलं होतं, दयेवर. घरात आम्ही चार पोरं. कुठल्याही कोर्टात नाव आलं असतं तर ते कामही गेलं असतं. वायनो तेव्हा सडाफटिंग होता.

लाल फितीनं बांधलेली पावती घेऊन माझे वडील जन्मभर रस्ता ओलांडत राहिले, आणि मी खिडकीत लोक गोळा करत होते.

"नक्कल हवी आहे का?" देस्मंडनं विचारलं.

"आदेशाची नको," मी म्हटलं. "हे एकच पान द्या."

त्या आठवड्यात माझ्या खुर्चीत बसलेल्यांना केस कापून मिळाले आणि दुसरं काही मिळालं नाही. एल्डनच्या बायकोनं सरळ विचारलं, "लॉर्ना, घसा बसलाय का?" रविवारी चर्चमध्ये वायनोनं पुन्हा तबक फिरवलं. आमच्या बाकाशी आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तबकाकडे पाहिलं आणि मी पैसे टाकेपर्यंत तो हलला नाही.

मग झाडाचा दिवस आला. मी यंदा चांगलं बाल्समचं झाड घेतलं, खालून भरगच्च. गल्लीत कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे खिडक्या रिकाम्या होत्या. पावती मुद्दाम घरीच ठेवली. मला वाटलं, आता सगळं कळल्यावर ती थट्टा करणं बरं दिसायचं नाही. झाड ओसरीवर उभं केलं आणि दार वाजवलं.

वायनोनं दार उघडलं. झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पावती पाहू."

"यंदा नाही आणली."

"का?"

"मी माडीवर जाऊन आले, वायनो. फाईल वाचली."

"बरं."

"बाबांनी कधी एका शब्दानं सांगितलं नाही. तूही नाही. मला विचारायचं होतं की..."

"तुला वाचता येतं ना?"

"येतं."

"मग झालं."

तो दारात, मी पायरीवर, मधे झाड. वारा सरोवराकडून येत होता. हे लिहू का, असंही मी त्याला तिथेच विचारून घेतलं. त्यानं खांदे उडवले, बरा झालेला खांदाही. "सार्वजनिक रेकॉर्ड आहे," म्हणाला.

मी वळले, तर त्यानं मागून हाक मारली.

"लॉर्ना. लिओ कधी पावती विसरला नाही."

"अरे, आता कशाला?"

"जा, घेऊन ये," वायनो म्हणाला. "माझ्यावर आधीच एक केस आहे."